घरचे मत्स्यालय आणि माशांची पिल्ले

घरात शोभेचे मासे पाळणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते : ‘मासे जगतच नाहीत.’ बाजारातून सहा मासे आणावेत, आठवड्यात चार मरावेत आणि उरलेल्या दोघांना सोबत म्हणून पुन्हा चार आणावेत, असा हा क्रम चालतो. ह्यात दोष बहुधा माशांचा नसतो, घाईचा असतो. आधी वनस्पती आणि सर्वांत शेवटी मासे हा नियम पाळला, तर मासे तर जगतातच, पण त्यांची पिल्लेही घरच्या घरी वाढतात. पेडणे तालुक्यातील इब्रामपूर ह्या माझ्या गावी पडवीत मी अशी एक टाकी सांभाळतो. तिच्यामुळे ज्या गोष्टी समजल्या त्या येथे थोडक्यात सांगतो.

ही कल्पना नवी नाही. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन ह्यांनी १८५० च्या सुमारास एका काचपात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. काही दिवसांनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी त्यात पाणगोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. वनस्पती प्रकाशात प्राणवायू सोडतात, हे हायड्रिलावर पालथे नरसाळे ठेवून आपण सर्वांनी शाळेत पाहिले आहे. टाकीत तोच प्रयोग दिवसभर चालू असतो.

परंतु माशांना मारतो तो बहुतेक वेळा अमोनिया. मासे तो कल्ल्यांवाटे सोडतात. उरलेले अन्न कुजूनही तो तयार होतो. निसर्गात काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ माशांना विषारी, तिसरा पुष्कळच सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. वनस्पती मात्र अमोनिया थेट शोषून घेतात आणि नायट्रेटही वापरतात. म्हणून टाकीत भरपूर वनस्पती लावून महिनाभर थांबावे. दर रविवारी टाकी रिकामी करून घासूनपुसून ठेवणारे गृहस्थ ह्या जिवाणूंनाच हाकलून देत असतात. आठवड्याला पाव भाग पाणी बदलले की पुरे.

आता प्रत्यक्ष मांडणी. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशा टाकीत सुमारे ५० लिटर पाणी मावते. भरल्यावर तिचे वजन साठ-सत्तर किलोंच्या घरात जाते, तेव्हा बैठक मजबूत हवी. तळाशी तीन सेंटिमीटर साधी माती घालावी. ताजे शेण किंवा रासायनिक खत तिच्यात नसावे. आमच्याकडची जांभ्याची तांबडी माती मूठभर मिसळावी. तिच्यातील लोह वनस्पतींना मानवते. वर तितकाच धुतलेल्या नदीच्या वाळूचा थर द्यावा. समुद्रकाठची वाळू घेऊ नये, कारण तिच्यातील शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे पाणी जड होते. नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी एक दिवस उघडे ठेवावे. प्रकाश रोज आठ तास पुरतो. थेट ऊन पडल्यास शेवाळ माजते आणि पाणीही तापते. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात, हे लक्षात ठेवून मासे थोडेच ठेवावेत. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते तेव्हा ह्या संयमाचा उपयोग कळतो.

मासे कोणते? नवशिक्यांसाठी गप्पी उत्तम. गप्पीची मादी दर चार आठवड्यांनी पोहणारी पिल्लेच देते, आणि नराशी एकदा संबंध आल्यावर पुढे काही महिने देत राहते. मला मात्र आपल्या ओहोळांत आणि भातशेतीच्या पाटांत सापडणारा, डोक्यावर चमकता ठिपका असलेला ॲप्लोकायलस अधिक आवडतो. तो मऊ पाण्याला सरावलेला आणि डासांच्या अळ्यांचा वैरी आहे. १९९० च्या दशकात गोव्यात हिवतापाच्या डासांविरुद्ध झालेल्या प्रयोगांत त्याचाच एक लहानसा भाऊबंद वापरला गेला होता. हा मासा उडी मारतो, म्हणून टाकीवर झाकण हवेच.

त्याची मादी रोज थोडी थोडी अंडी वनस्पतींना चिकटवते. मोठे मासे पिल्ले खातात, गप्पीसुद्धा खातात. म्हणून अंडी चिकटलेली जुडी वेगळ्या भांड्यात, टाकीच्याच पाण्यात ठेवावी. साधारण दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. गप्पीच्या पिल्लांना बारीक पूड केलेले अन्न लगेच चालते. ह्या पिल्लांना सुरुवातीस अधिक सूक्ष्म खाद्य लागते. येथे प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा मदतीला येते. पॅरामेशियमसाठी आपण जो पेंढा उकळतो तोच येथे करावा. पाणी थंड झाल्यावर त्यात तळ्याचे थोडे पाणी घालून चार-पाच दिवस ठेवावे आणि त्यातले काही थेंब दिवसातून तीन-चार वेळा पिल्लांना द्यावेत. जुन्या, दाट वनस्पतींच्या पानांवरही असे सूक्ष्मजीव असतात. महिनाभर आधी लावलेली वनस्पती पिल्लांना लपायला जागा देते आणि पहिला घासही देते.

पिल्ले जगू लागली की खरा प्रश्न उभा राहतो : इतक्या माशांचे करायचे काय? ‘ओहोळात सोडून द्या,’ हा सल्ला घरोघरी मिळतो, आणि तो दयेपोटीच दिलेला असतो. पण गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. त्याच्याच कुळातील गॅम्ब्युसिया हा मासाही डासांसाठीच देशोदेशी सोडला गेला आणि आज जगातील सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवांच्या यादीत जाऊन बसला आहे. जलपर्णीही आपल्याकडे शोभेची म्हणूनच आली. पाट-ओहोळांत परका मासा एकदा शिरला की परत काढता येत नाही, आणि देशी माशाला दुसरे घर नाही.

म्हणून जास्तीची पिल्ले मित्रांना द्यावीत, किंवा नर-मादी वेगळे ठेवून वीण आवरावी. काढून टाकलेल्या वनस्पती नाल्यात न फेकता उन्हात वाळवाव्यात. देशी मासेही हौसेपुरते दोन-तीनच आणावेत. केरळ-कर्नाटकातील नद्यांतला डेनिसन बार्ब हा देखणा मासा मत्स्यालयांसाठी बेसुमार पकडला गेल्याने धोक्यात आला, हे उदाहरण डोळ्यांसमोर असावे. आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी अशी एक टाकी जरूर करून पाहावी. खर्च थोडा आहे. महिनाभर रिकामे पाणी पाहत बसण्याचा धीर तेवढा हवा.