डेंटनची शनिवारची गाडी

शनिवारी सकाळी डेंटनच्या फलाटावर गाडी येताना दिसली की हात करायचा. गावच्या फाट्यावर एसटीला करतात तसा. नाही केला, तर ड्रायव्हर न थांबता पुढे निघून जाईल. इथे स्टेशन मास्तर नाही की तिकीट खिडकी नाही. गाडी चुकली, तर पुढची थेट पुढच्या शनिवारी.

बरं, हे कुठलं आडरानातलं ठाणं नव्हे. मँचेस्टरच्या पूर्वेला जेमतेम आठ किलोमीटरवरचं, सुमारे 36 हजार वस्तीचं हे उपनगर. एकेकाळी फेल्टच्या टोप्यांसाठी नावाजलेलं. आज स्टेशनापासून जवळच एम-60 आणि एम-67 हे मोटरवे एकमेकांना मिळतात आणि मोटारींचा ओघ दिवसभर आटत नाही.

लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने 1851 मध्ये हे स्टेशन उघडलं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती त्यानंतर दोन वर्षांनी. ते ज्या छोट्या मार्गावर आहे, त्या स्टॉकपोर्ट ते स्टेलीब्रिज मार्गाला पुढे बराच काळ काम होतं. दक्षिणेकडून येणारे प्रवासी या गाडीने स्टेलीब्रिजला जात आणि तिथे लीड्सकडची गाडी पकडत. 1989 मध्ये लीड्सच्या जलद गाड्या मँचेस्टर पिकॅडिलीवरून धावू लागल्या आणि मधल्या या गाडीची गरजच उरली नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ती आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, अशी होऊन बसली. पुढे तर तीही एकाच दिशेने! डेंटनहून स्टेलीब्रिजला जाता येई. परतीचं ज्याचं त्याने बघायचं. स्टेलीब्रिजच्या फलाटावर 1885 पासूनचा बुफे बार आहे, त्यामुळे रेल्वेवेड्यांची परतायची घाई तशी नसेच.

मग स्टेशन सरळ बंद का करत नाहीत? कारण ब्रिटनमध्ये प्रवासी सेवा बंद करायची तर नोटीस, लोकांच्या हरकती, नियामकाची मंजुरी असं सगळं सोपस्कारांचं लटांबर मागे लागतं. त्यापेक्षा आठवड्याला एक गाडी सोडलेली परवडते. अशा गाडीला तिथे ‘पार्लमेंटरी ट्रेन’ म्हणतात. या नावाचं मूळ मात्र अगदी उलट्या हेतूचं. तेव्हाचे मंत्री ग्लॅडस्टन यांच्या पुढाकाराने झालेल्या 1844 च्या कायद्याने कंपन्यांना रोज किमान एक गाडी गरिबांसाठी चालवायला लावली: मैलाला एक पेनी भाडं, ताशी किमान 12 मैल वेग आणि डोक्यावर छप्पर. गोरगरिबांच्या सोयीचं नाव शेवटी रिकाम्या डब्यांना चिकटलं.

2018 मध्ये वेळापत्रक बदललं. शुक्रवारऐवजी शनिवार आला आणि जाणारी एक, येणारी एक अशा दोन फेऱ्या मिळाल्या. स्टेशनाच्या मित्रमंडळाचे स्वयंसेवक फलाटावर फुलझाडं लावतात आणि जास्त गाड्यांची मागणी लावून धरतात.

2023-24 या वर्षात इथे चढणारे आणि उतरणारे मिळून भरले 54. सगळ्या ब्रिटनमध्ये सर्वांत कमी! आदल्या वर्षी आकडा 34 होता, पण तेव्हा शेवटचा नंबर हुकला, कारण फलाट बंद पडलेल्या टीसाइड एअरपोर्ट स्टेशनाची नोंद होती फक्त 2. असा ‘मान’ मिळाला की पुढच्या वर्षी हौशी मंडळी मुद्दाम तिकीट काढून येतात, हेही ठरलेलंच. 2024-25 मध्ये तळाची जागा एल्टन अँड ऑर्स्टन या स्टेशनाकडे गेली.

एरवी या रुळांवरून मालगाड्या जातात. त्यांना हात करून उपयोग नाही.