गाणारी कुठं गेली?

कापसाची वेचणी सुरू झाली की माझ्या दुकानात एक ठरावीक तक्रार येऊ लागते. आदिलाबादेत मी मोबाइल दुरुस्तीचं काम करतो. गिऱ्हाईक जैनथचं, बेल्याचं, तामसीचं. कधी पैनगंगा ओलांडून पांढरकवड्याकडून आलेलं. कुणी तेलुगूत बोलतं, कुणी गोंडीत, बरेच जण आपल्या मराठीत. तक्रार मात्र तीच: "भाऊ, बाजा वाजून राहिला, पन गानारी कुठं गेली?" ढोलकी ऐकू येते, पेटी ऐकू येते, आणि गाणारीचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा, नाहीतर अजिबातच नाही.

अशा वेळी मी आधी टॉर्च घेऊन हेडफोनच्या जॅकमध्ये बघतो. बहुतेकदा तळाशी कापसाचे तंतू दाबून बसलेले असतात. फोन खिशात ठेवून दिवसभर वेचणी करायची, जिनिंगमध्ये गाठी उचलायच्या, म्हणजे रुई त्या भोकात शिरणारच; आणि दर वेळी पिन घालताना ती आणखी खाली ठोकली जाते. मग पिन वरून बसल्यासारखी दिसते, पण पुरती आत जात नाही. फोन बंद करून लाकडी काडीनं तो बोळा हळूच ओढून काढला की गाणारी हजर होते.

ती गेली कुठं होती, हे मला गिऱ्हाइकाला सांगायला आवडतं. पिनेवर काळ्या रेघांनी पाडलेले चार भाग असतात. टोकाचा भाग डाव्या कानाचा, त्यामागचा उजव्या कानाचा, तिसरा दोन्हींचा प्रवाह परत नेणारा, ज्याला आम्ही ग्राउंड म्हणतो, आणि चौथा माइकचा. गाणं भरताना गायिकेचा आवाज डाव्या-उजव्या दोन्हींत अगदी सारखा ठेवतात, म्हणून तो आपल्याला मधोमध ऐकू येतो. वाद्यं थोडी इकडे, थोडी तिकडे असतात. ग्राउंडचा संबंध तुटला की प्रवाहाला परतीची वाट उरत नाही. डावीकडून निघालेला प्रवाह दोन्ही स्पीकरांतून जाऊन उजवीकडे उतरतो. मग कानात पडते ती डाव्या आणि उजव्यातली फक्त तफावत. जे दोन्हींत सारखं होतं ते वजाबाकीत शून्य होतं, आणि गायिका नेमकी त्या सारख्या भागात असते.

जॅक स्वच्छ असूनही हेच होत असेल, तर हेडफोनवरचं कॉलचं बटण दाबून धरून पाहा. दाबलेलं असेपर्यंत आवाज नीट येत असेल, तर तुमच्या हेडफोनचं ग्राउंड आणि माइक हे दोन भाग फोनच्या उलट जोडलेले आहेत. या जोडणीच्या दोन पद्धती चालत आल्या आहेत. जुन्या फोनांतल्या काही हँड्सफ्री एका पद्धतीच्या, आजचे फोन दुसऱ्या पद्धतीचे. घरात पडलेली जुनी हँड्सफ्री नव्या फोनला लावली की हा गोंधळ होतो. त्यात फोनही चांगला असतो आणि हेडफोनही.

हे आधी सांगण्याचं कारण असं की, माणसं या तक्रारीवर नवा फोन घ्यायला निघतात. हप्त्यावर घेतात. हेडफोनचा आवाज चांगला की वाईट हे ठरवण्यात फोनचा वाटा फार थोडा असतो, हे मला कळकळीनं सांगायचं आहे. तो आवाज घडतो शेवटच्या दोन-चार सेंटिमीटरमध्ये, स्पीकरच्या पडद्यापासून कानाच्या पडद्यापर्यंत.

फोनचं काम काय? गाणं फोनमध्ये आकड्यांच्या रूपात असतं. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीपासून दर सेकंदाला 44,100 वेळा आवाज मोजून प्रत्येक माप 16 बिटांत लिहायची रीत पडली. फोनमधली एक चिप हे आकडे वाचून त्यांची पुन्हा विजेची लहर करते आणि छोटा अॅम्प्लिफायर ती हेडफोनपर्यंत ढकलतो. एके काळी या चिपमध्ये खूप फरक असायचा. शांत जागी सूं-सूं ऐकू यायचं. आज साध्या फोनमधली चिपही हे काम इतकं स्वच्छ करते की बसमध्ये, शेतात, चहाच्या टपरीवर कुणालाही फरक सांगता येणार नाही. दोन फोनांची तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज तंतोतंत सारख्या पातळीवर आणावा लागतो. जो किंचित मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो. दुकानातली निम्मी तुलना तिथंच फसते.

जोर पुरतो का, हा प्रश्न खरा आहे. त्यासाठी हेडफोनच्या खोक्यावरचे दोन आकडे बघा: ओहम आणि डेसिबल. फोनसाठी केलेले इअरफोन साधारण 16 किंवा 32 ओहमचे असतात. फोननं अर्धा व्होल्ट दिला तर 16 ओहमच्या इअरफोनला सुमारे 15 मिलिवॅट मिळतात. एका मिलिवॅटला 100 डेसिबल देणारा इअरफोन त्यावर 110 च्या वर जातो, म्हणजे कान दुखेल इतका. तोच फोन स्टुडिओतल्या सेनहायझर एचडी 600 ला लावला तर अडचण होते, कारण तो 300 ओहमचा आहे आणि त्याला एक मिलिवॅटही मिळत नाही. असा मोठा हेडफोन घेणाऱ्यानं अॅम्प्लिफायरचा विचार करावा. बाकीच्यांनी करू नये.

फोनची एक खोड मात्र आमच्या भागात अजून भेटते. नारनूर, गादिगुडाकडच्या डोंगरात सिग्नल क्षीण असला की फोन पूर्ण ताकदीनं टॉवरला हाक मारतो. टूजीवर ही हाक तुटक असते, सेकंदाला 217 ठोके, आणि तारेच्या हेडफोनमध्ये ती तर्र-तर्र अशी उतरते. हेडफोन बिघडला म्हणून लोक तो घेऊन येतात. त्यांना मी फोन विमान मोडवर टाकून गाणं लावायला सांगतो. तर्र-तर्र थांबली की त्यांचं समाधान होतं.

आता त्या शेवटच्या दोन-चार सेंटिमीटरकडे येतो.

आपल्या कानाची नळी अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांब असते. अशा नळीत 3000 हर्ट्झच्या जवळचा आवाज आपोआप घुमतो, आणि जन्मापासून आपण सगळं जग त्या घुमाऱ्यासह ऐकत आलेलो असतो. हेडफोन घातला की बाहेरून येणारा आवाज जसा कानाच्या पाळीवर आपटून, नळीत घुमून येतो तसा तो येत नाही. म्हणून हेडफोन बनवणाऱ्याला ती वाढ मुद्दाम भरून द्यावी लागते. किती द्यावी, खालचा बेस किती ठेवावा, यावर हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 च्या सुमारापासून माणसांना प्रत्यक्ष ऐकवून काम केलं. बहुतेकांना कोणता समतोल आवडतो याची एक रेघ त्यांनी काढली, आणि आज अनेक कंपन्या तीच समोर ठेवून हेडफोन घडवतात. ही घडण साधली नाही तर किंमत कितीही असो, आवाज बेसूर. 2017 साली येरून ब्रेबार्ट यांनी 283 हेडफोनांची मापं किमतीशी ताडून पाहिली, तर मापांचा आणि किमतीचा काही संबंध सापडला नाही. महाग हेडफोन मजबूत असतो, अंगावर चांगला बसतो, त्याची तार टिकते. पण त्याचा आवाज चांगला असेलच असं किमतीवरून म्हणता येत नाही. माझा दुकानातला अनुभवही हेच सांगतो.

आणि घडण उत्तम असली तरी तो कानात बसला पाहिजे. मी पाहतो, बहुतेक लोक इअरफोनसोबत आलेल्या रबरी टोप्यांची पुडी फोडतही नाहीत. तीन मापांच्या टोप्या असतात. मधली लावलेली असते, तीच आयुष्यभर राहते. दहावीतल्या मुलीच्या कानाला ती मोठी होते, रुंद कानाच्या माणसाला सैल. सैल टोपी म्हणजे फट, आणि फट पडली की शे-दीडशे हर्ट्झच्या खालचा आवाज निसटून जातो. डप्पू, तुडूम, तबल्याचा बायाँ, सगळ्यांचं अंग जातं आणि नुसती टकटक उरते. मग माणूस "बेस नाही" म्हणून दुसरा इअरफोन मागतो. मी त्याला टोपी बदलून देतो, कानाची पाळी वर ओढून इअरफोन थोडा फिरवत आत बसवायला सांगतो. पहिल्यांदा नीट बसला की माणसाचा चेहरा बदलतो. दोन्ही कान सारखे नसतात. डाव्याला लहान आणि उजव्याला मधली टोपी लावायला काहीच हरकत नाही. जाळीवर साचलेला मळही पुसा, एका कानाचा आवाज कमी होण्याचं ते सर्वांत सामान्य कारण आहे.

फट नसण्याचा दुसरा फायदा कानाच्या जिवाचा. निर्मलकडे जाणाऱ्या बसमध्ये इंजिनाच्या वर गाणं ऐकायला मुलं आवाज शेवटपर्यंत नेतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये दिलेली मर्यादा मोठ्या माणसासाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल आहे, मुलांसाठी 75 डेसिबल. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते: 83 ला 20 तास, 86 ला 10. टोपी घट्ट बसली की बाहेरचा गोंगाट आतच येत नाही, आणि निम्म्या आवाजात गाणं भरून येतं. रस्त्यावर चालताना मात्र कान असे बंद करू नयेत.

बिनतारी बड्स आणि नेकबँडमध्ये फोनचा वाटा आणखी घटतो. चिप आणि अॅम्प्लिफायर दोन्ही बड्समध्येच असतात. फोन फक्त आकडे पाठवतो. ब्लूटूथची वाट अरुंद म्हणून ते आकडे आवळून पाठवावे लागतात. सर्वांत साध्या एसबीसी पद्धतीत सेकंदाला साधारण 328 किलोबिट जातात. सोनीची एलडॅक पद्धत 990 पर्यंत नेते आणि 2017 च्या अँड्रॉइड 8 पासून ती फोनांत मिळू लागली. पण ती पद्धत फोन आणि बड्स दोघांनाही यावी लागते. रोजच्या ऐकण्यात एसबीसी नीट चालली तर पुरते, असं माझं मत आहे. खरी पडझड माइक चालू झाल्यावर होते. कॉल आला किंवा गेममध्ये बोलणं सुरू झालं की जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ गाण्याची वाट सोडून बोलण्याच्या वाटेवर जातं. तिथं सेकंदाला 8,000 किंवा 16,000 मापंच घेतली जातात आणि डावं-उजवं एक होतं. "गेम लावला की आवाज डबड्यासारखा येते" या तक्रारीचं उत्तर हे आहे. बोलायचं तर फोनचा माइक निवडा.

ज्या फोनांना जॅकच नाही त्यांचं वेगळं. 2016 मध्ये आयफोन 7 नं जॅक काढला आणि हळूहळू इतरांनीही. मग टाइप-सीचा छोटा अडॅप्टर लागतो. दिसायला सारखे असले तरी ते दोन जातींचे: एकात चिप असते, तिलाच डॅक म्हणतात, दुसऱ्यात नुसती तार. तारवाला अडॅप्टर फोन आतून आवाज देत असेल तरच चालतो, आणि पुष्कळ फोन देत नाहीत. विकत घेताना "डॅकवाला द्या" एवढंच म्हणा. तारेचा एक उपयोग लोक विसरत चालले आहेत: ज्या फोनमध्ये एफएम आहे, त्यात हेडफोनची तारच अँटेना होते. शंभर मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर तीन मीटर लांब असते, तिचा चौथा हिस्सा पाऊण मीटर, आणि हेडफोनची तार तेवढी सहज भरते. आकाशवाणीचं आदिलाबाद केंद्र नेटपॅकशिवाय ऐकायचं तर तार हवी. फोनमधलं एफएम बंद करून ठेवू नका, असं केंद्र सरकारनं एप्रिल 2023 मध्ये कंपन्यांना कळवलं, ते मला फार योग्य वाटतं.

सगळं नीट असूनही आवाज वाईट येतो तेव्हा मूळ फाइलच खालावलेली असते. इथं मला आमच्या जिल्ह्याची काळजी वाटते. दिवाळीच्या सुमाराला गोंडांच्या दंडारी उत्सवात गुसाडी नर्तक नाचतात, मोरपिसांचे मुकुट घालून. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मार्लवाईचे कनक राजू यांना या नाचासाठी 2021 ची पद्मश्री मिळाली. 2024 च्या ऑक्टोबरात ते गेले. परधान समाजाची किकरी, सनईच्या जातीची पेपरे, तुडूम, हे सगळं आज पोरांच्या फोनमध्ये भरलं जातं आणि व्हॉट्सअॅपवरून फिरतं. तिथं ते आवळलं जातं. कुणी उतरवून पुन्हा नव्यानं पाठवलं की पुन्हा आवळलं जातं. किकरीच्या गजाची खरखर, पेपऱ्याची धार, हेच बारीक तपशील आधी पुसले जातात. कोणताही हेडफोन ते परत आणू शकत नाही.

म्हणून दुकानात असा व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो: तुडुमाच्या अगदी जवळ फोन धरू नका, माइक भरून आवाज फाटतो, आठ-दहा पावलं मागे उभं राहा. मायक्रोफोनच्या भोकावर बोट येऊ देऊ नका. पाठवायचं तर व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते. आणि भरलेलं मूळ मेमरी कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर काढून ठेवा. फोन फॉरमॅट करायला माझ्याकडे आणण्याआधी.