मिशरी : औषध की व्यसन?

आमच्या घरी सकाळ व्हायची ती तव्यावर भाजलेल्या तंबाखूच्या वासानं. दाढ दुखली की दादी हिरडीला मिशरी लावायची. ‘आराम पडला’, म्हणायची. पुढे मिशरीशिवाय तिला चहाही गोड लागेना. मिशरीतलं निकोटिन हिरडीतून रक्तात जातं, तल्लफ भागते. त्यालाच आपण आराम समजतो. दाढेतली कीड तशीच राहते. वर तोंडाच्या कर्करोगाचा धोका. दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२मध्ये बंदी केली; पण घरातल्या तव्यापर्यंत कायदा कसा पोचणार? तिथं आपणच बोलायला हवं. आजीबाईचा बटवा जरूर जपा. त्यातली ही पुडी तेवढी बाहेर टाका. आणि दाढ दुखली, तर दातांचा डॉक्टर गाठा.