कोयनेच्या काठावरून समुद्राकडे

कऱ्हाडजवळच्या मलकापूरच्या घरोघरी नळाला चोवीस तास जे पाणी येते ते कोयनेचे; आणि ज्या गावाचे नाव या पाणीयोजनेमुळे राज्यभर झाले, तेथील मुलांना सागरी प्राण्यांचा परिचय करून द्यावयाचा असेल, तर शिक्षकाने आरंभ भिंतीवरच्या रंगीत तक्त्यापासून न करता या नदीपासूनच करावा, असे माझे निश्चित मत आहे. सह्याद्रीच्या अलीकडे वाढणाऱ्या मुलाला समुद्र हा परका मुलूख वाटतो, आणि परक्या मुलखातील प्राण्यांची नावे पाठ झाली तरी त्यांच्याविषयी जिज्ञासा उत्पन्न होत नाही.

महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना हेळवाकपाशी पूर्वेस वळते, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि तिचे जल पुढे आंध्रात बंगालच्या उपसागराला जाते. परंतु १९६२ मध्ये पोफळीला वीजनिर्मिती सुरू झाल्यापासून धरणातील बरेचसे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेस उतरते व वाशिष्ठीच्या वाटेने दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रात पोचते. वर्गाच्या फरशीवर खडूने भारताचा नकाशा काढून मुलांनी हे दोन्ही प्रवाह निळ्या दोऱ्याने मांडले, म्हणजे दोन समुद्र आपल्या गावाशी जोडलेले आहेत, हे त्यांना निराळे सांगावे लागणार नाही.

मग त्याच नकाशावर ऑलिव्ह रिडले कासवाची हकीकत सांगावी. मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर अंडी घालण्यास आलेल्या एका मादीच्या परास ०३२३३ या क्रमांकाची धातूची पट्टी लावण्यात आली होती. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर दूर, दाभोळच्या खाडीलगतच्या गुहागर किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. ती श्रीलंकेला वळसा घालून आली असेल, की पांबनच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून? मुलांनी दोन्ही मार्ग दोऱ्याने मोजावेत, वाद घालावा, आणि त्यानंतरच शिक्षकाने सांगावे की गुहागरलाच उपग्रह-यंत्र बसवून सोडलेली ‘बागेश्री’ नावाची मादी २०२३ मध्ये श्रीलंकेच्या बाजूने बंगालच्या उपसागरात गेली होती. उत्तर आधी दिले, तर हा सारा खटाटोप व्यर्थ होय.

समुद्रकिनाऱ्याच्या सहलीआधीच्या या पूर्वतयारीस खर्चाची मंजुरी लागत नाही. ओल्या वाळूने भरलेल्या दोन कुंड्या, एक उन्हात व एक सावलीत ठेवून त्यांच्या तापमानाची आठवडाभर नोंद केली, की कासवाच्या घरट्यातील वाळू अधिक उष्ण असल्यास माद्या व थंड असल्यास नर अधिक निपजतात, हा निसर्गनियम मुलांना हाताने चाचपता येतो. आणि पृथ्वी तापू लागल्यास या जातीवर कोणते संकट येईल, हा प्रश्न बहुधा त्यांच्यातलेच कोणी विचारील. पटांगणावर पंचवीस मीटरांची रेघ ओढून निळ्या देवमाशाचे आकारमान दाखवावे, आणि एवढा प्रचंड प्राणी मासा नसून फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा सस्तन आहे, याचा उलगडा करावा. आठवडा बाजारातील सुकट आणि सुके बोंबीलही वर्गात आणण्यास हरकत नसावी. देशावरच्या कितीतरी घरांत समुद्र प्रथम येतो तो याच रूपाने, आणि सुकटीतली कोळंबी भिंगाखाली धरली, तर पायांच्या जोड्या व मिशा सहज मोजता येतात.

एक अडचण मात्र ध्यानात घेतली पाहिजे. शाळांच्या सहली बहुधा डिसेंबर-जानेवारीत कोकणात उतरतात, तर वेळासला, जेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साहाय्याने कासवांच्या अंड्यांचे रक्षण आरंभिले, तेथे पिल्ले समुद्राकडे जाताना पाहावयाची तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हाच काळ बरा, आणि तो नेमका परीक्षांचा. मुख्याध्यापकांनी शैक्षणिक वर्षाच्या प्रारंभीच सहलीची तारीख पुढे ढकलण्याची तजवीज करावी, आणि कुंड्या, नकाशा व दोरे यांची कामे दिवाळीनंतर लगेच हाती घ्यावीत.