कोयीतून हापूस का येत नाही?

मे महिन्यात हापूस खाऊन झाला की कोय अंगणात खोचणारे घरोघरी भेटतात. रोप जोमानं उगवतं, पण त्याला धरणारा आंबा हापूस नसतो. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून तयार होतो. म्हणजे आईबरोबर कुठल्या तरी अनोळखी बापाचे गुणही त्यात उतरतात. शिवाय फळासाठी कित्येक वर्षं थांबायचं, ते वेगळंच.

म्हणून कलम. कोकणातल्या कोय कलमात नुकत्याच उगवलेल्या, तांबूस पानांच्या रायवळ रोपाचा शेंडा छाटतात, खोडाला उभी चीर देतात आणि तीत पाचरीसारखी तासलेली हापूसची काडी बसवून पट्टीनं घट्ट बांधतात. सालीखालचा वाढत्या पेशींचा पातळ थर दोन्हीकडे जुळला की जोड सांधतो. मुळं रायवळची, फळ हापूसचं!

रोपवाटिकेत आधी हा जोड बघा. लावताना तो मातीच्या वर राहू द्या. जोडाखाली फूट आली तर निर्दयपणे खुडा. ती रायवळचीच, आणि वरच्या हापूसला उपाशी ठेवते. पहिली दोन-तीन वर्षं मोहोरही काढून टाका. (जिवावर येतं, पण झाड आधी वाढू दे.)

अंगण लहान असेल तर हापूसचा हट्ट नको. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून दिल्लीत तयार झालेली आम्रपाली ठेंगणी राहते आणि दरवर्षी फळते. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावा.