काळजी कोणी घ्यावी?

कोणत्याही औद्योगिक वसाहतीतल्या बऱ्यापैकी मोठ्या कारखान्यात जाऊन 'तुमच्याकडे सुरक्षा पुस्तिका आहे का?' असे विचारावे. बहुतेक ठिकाणी 'आहे ना!' असेच उत्तर येते. मग व्यवस्थापकांच्या खोलीतले कपाट उघडते आणि फायलींच्या मागून जाड पुठ्ठ्याचे एक इंग्रजी बाड निघते. तपासनीस आले की ते टेबलावर येते, ते गेले की पुन्हा कपाटात जाते. ज्याचे हात रोज यंत्राखाली जातात, त्याने ते पाहिलेलेही नसते.

अशा पुस्तिका मराठीत लिहिण्याचे काम मी करतो. हे काम भाषांतराचे आहे, असे पुष्कळांना वाटते. मला ते जबाबदारीच्या वाटपाचे वाटते.

कामगाराला समजेल अशा भाषेत लिहावे, ही काही नवी कल्पना नव्हे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १०८ व्या कलमातच सांगितले होते, की कायद्याने लावायच्या सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही असाव्यात. पण भाषा समजली म्हणजे काम झाले, असेही नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले. हे रसायन शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवावे, असे कंपनीच्याच पुस्तिकेत होते. टाकीची शीतयंत्रणा मात्र काही महिने आधीच बंद करण्यात आली होती. नियम छापलेला होता. तो मोडण्याचा निर्णय टाकीजवळच्या कामगाराचा नव्हता.

भोपाळनंतर १९८७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना देणे, लेखी सुरक्षा धोरण ठेवणे आणि सुरक्षा समितीत कामगार व व्यवस्थापन यांचे समान प्रतिनिधी घेणे बंधनकारक झाले. २०२० मध्ये संसदेने या विषयावर नवी संहिता संमत केली. कायदे बदलत गेले, तरी पुस्तिकांमधले एक वाक्य मात्र जागचे हललेले नाही: 'कामगाराने योग्य ती काळजी घ्यावी.'

वरवर पाहता किती समंजस वाक्य! पण काळजी घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे, हे त्यात नाही. अपघात झाल्यावर दोष कोणाचा, ते मात्र आधीच ठरवून टाकलेले आहे.

भोसरीतल्या एका कारखान्याची पुस्तिका लिहिताना मी प्रेस शॉपमध्ये काही दिवस बसलो होतो. जुन्या पॉवर प्रेस होत्या. दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबली तरच प्रेस खाली यावी, अशी सोय केलेली होती. म्हणजे हात आपोआप डायच्या बाहेर राहतात. पण एका प्रेसच्या बटणात लाकडाची काडी खोचलेली दिसली. मी विचारले, तेव्हा तिथला कामगार शांतपणे म्हणाला, "साहेब, दोन्ही हात बटणावर ठेवले तर तासाचे नग कोण भरणार?"

त्याच्या प्रश्नाला 'काळजी घ्यावी' हे उत्तर होऊच शकत नाही. म्हणून पुस्तिकेत 'बटणात काडी खोचू नये' या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली: 'तासाचे नग ठरवताना दोन्ही बटणे दाबण्यास लागणारा वेळ धरला जाईल. ही जबाबदारी उत्पादन व्यवस्थापकाची.' पहिल्या ओळीला कोणाचीच हरकत नव्हती. दुसरीवर तीन बैठका झाल्या.

सुरक्षाशास्त्रात उपायांचा एक क्रम मानला जातो. आधी धोकाच काढून टाकता येतो का, ते पाहायचे. नाही तर कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत आणायची. मग गार्डसारखी यांत्रिक सोय. मग नियम आणि प्रशिक्षण. आणि सर्वांत शेवटी हातमोजे, चष्मा, हेल्मेट. आपल्याकडच्या कितीतरी पुस्तिका हेल्मेटपासूनच सुरू होतात. कारण उघड आहे. हेल्मेट कामगाराने घालायचे असते, गार्ड मालकाला बसवावा लागतो.

नियमाबरोबर त्याचे कारणही द्यावे लागते. 'परवानगीशिवाय सांडपाण्याच्या टाकीत उतरू नये' एवढे लिहून भागत नाही. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याचे प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. 'वास गेला, म्हणजे वायू गेला' असे समजून माणूस उतरतो. तो कोसळला की त्याला काढायला जिवाभावाचा सोबती उतरतो, आणि तोही वर येत नाही. एवढे कारण वाचलेला माणूस मित्रासाठी टाकीत उडी घेण्याआधी क्षणभर थांबेल आणि मदतीसाठी हाक मारेल. तो क्षण मिळवून देण्यासाठीच पुस्तिका असते.

सर्वांत जास्त खळखळ झाली ती एका छोट्या ओळीवर. १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला जवळ आलेल्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क दिला होता. मी एक पाऊल पुढे जाऊन लिहिले: 'धोका दिसल्यास कोणीही यंत्र थांबवावे. त्याबद्दल कोणाचाही पगार कापला जाणार नाही. कंत्राटी कामगाराचाही नाही.' "मग रोजच यंत्रे बंद पडतील," असे व्यवस्थापक म्हणाले. कंत्राटदाराचे म्हणणे, ही पुस्तिका कंपनीची, तिचा त्याच्याशी संबंध काय? प्रेसवर उभी असलेली निम्मी माणसे त्याचीच होती! अखेर एका वयस्क फोरमनने तोंड उघडले. "यंत्र थांबवलं तर तासाचं नुकसान आहे साहेब, हात गेला तर जन्माचं." ओळ राहिली.

वाचकहो, आपण जिथे काम करता, तिथली सुरक्षा पुस्तिका एकदा मागून पाहा. कारखानाच असला पाहिजे असे नाही; इस्पितळ, छापखाना, हॉटेलचे स्वयंपाकघर, काहीही चालेल. कागद किती गुळगुळीत आहे, याकडे लक्ष देऊ नका. प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण, ते पाहा. सगळीकडे 'कामगाराने' असेच असेल आणि 'व्यवस्थापकाने' कुठेच नसेल, तर ती पुस्तिका अपघात टाळण्यासाठी लिहिलेली नाही, अपघातानंतर दाखवण्यासाठी लिहिलेली आहे, असे खुशाल समजावे.