लेहमधला मुक्काम : पाण्याचा हिशेब

मुंबईहून विमानाने निघालेला पर्यटक काही तासांत समुद्रसपाटीवरून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहमध्ये पोहोचतो. तिथे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू जवळपास एक तृतीयांशाने कमी असतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही विरळ हवेच्या त्रासाची लक्षणे. म्हणून पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी.

मुक्काम कुठे करायचा, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. लेहमध्ये वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. भिस्त वितळणाऱ्या बर्फावर. फ्लश आणि शॉवरसाठी अनेक हॉटेले कूपनलिकांतून पाणी उपसतात आणि सांडपाणी शोषखड्ड्यांतून पुन्हा त्याच जमिनीत मुरते. पिण्याचे पाणी असे दूषित झाले, की जुलाब, कावीळ, विषमज्वर यांचा धोका वाढतो.

गावातल्या घरगुती होमस्टेमध्ये बहुधा पारंपरिक कोरडे शौचालय असते. वरच्या मजल्यावर जमिनीत भोक, खाली बंद खोली. वापरानंतर फावडेभर माती किंवा राख टाकायची. पाणी लागत नाही, दुर्गंधीही फारशी येत नाही. अनेक महिने कुजलेले खत पुढे जवाच्या शेतात जाते. हात मात्र साबणाने धुवायलाच हवेत.

खोली ठरवताना दोन प्रश्न जरूर विचारावेत : सांडपाणी कुठे जाते? पिण्यासाठी उकळलेले पाणी मिळते का? कोरड्या हवेत शरीरातले पाणी लवकर घटते. त्यामुळे काटकसर करायची ती अंघोळीच्या पाण्यात, पिण्याच्या नव्हे.